ओपन सोर्सच्या कार्यक्रमात स्पीकरने मॅक आणला तर चालेल का?

उबंटू_ते_डेबियन

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मिळून पुण्यात एक दिवसाचा छोटासा फॉस (मुक्त आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा) मेळावा करतोय. कॉलेजचा हॉल जवळपास फायनल आहे, चहा-वड्याचं ठरलंय, घोडं अडलंय ते सीएफपीच्या, म्हणजे वक्त्यांकडून टॉक मागवणाऱ्या आवाहनाच्या, एका ओळीवर. मसुद्यात कोणीतरी लिहिलं की 'वक्त्यांनी फक्त मुक्त सॉफ्टवेअर वापरूनच सादरीकरण करावे' आणि तेव्हापासून ग्रुपवर नुसती जुंपलीये. एक जण म्हणतो ही ओळ काढली तर मी येतच नाही, आपण ओपन सोर्सचं कौतुक सांगणार आणि मागे पडद्यावर विंडोजचं अपडेट फिरतंय, लोकं हसतील. दुसरी म्हणते ओळ ठेवली तर मी ज्यांना बोलवायचं म्हणतेय त्यातले निम्मे येणार नाहीत, कारण त्यांच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप सोडून दुसरा लॅपटॉपच नाही. आणि हे सगळं भांडण चाललंय व्हॉट्सअ‍ॅपवर. मी गप्प बसलो, उगाच आगीत तेल कशाला.

मला खरंच कळत नाहीये रेष कुठे मारायची. ओएस लिनक्स हवी एवढंच? का स्लाइड्स पण इम्प्रेसमध्येच (लिब्रेऑफिसचं पॉवरपॉइंट) केलेल्या हव्यात? लॅपटॉपमध्ये एनव्हीडियाचा बंद, म्हणजे कोड खुला नसलेला, ग्राफिक्स ड्रायव्हर असेल तर? स्लाइडवर गिटहबची (कोड ठेवायची साइट, पण ती स्वतः मुक्त नाही) लिंक असेल तर? बाहेरच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये काय करतात कोणाला माहितीये का?

जुना_पेंग्विन

अट ठेवा. डोळे मिटून ठेवा.

मी सिंबायोसिसमधल्या जीएनयुनिफाय या फॉस मेळाव्याला जायचो तो सीड्यांचा काळ होता, आणि तेव्हा नवीन पोरांचा एकच प्रश्न असायचा, सर हे रोजच्या वापराला खरंच चालतं का? त्याला भाषणाने उत्तर देता येत नाही, समोर चालवूनच दाखवावं लागतं. स्टेजवरचा माणूस चाळीस मिनिटं लिनक्सवर आरामात काम करताना दिसला की पोराला अर्धं उत्तर मिळतं. तोच माणूस मॅक उघडून म्हणाला 'लिनक्स वापरा' तर पोरगं मनात म्हणणार, मग तू का नाही वापरत?

२०१७ आठवतंय का, लिनक्स फाउंडेशनचे प्रमुख जिम झेमलिन स्टेजवरून सांगतायत की हे लिनक्स डेस्कटॉपचं वर्ष आहे आणि स्लाइड्स चालल्यायत मॅकवर. नेटवर केवढी खिल्ली उडाली होती. खादीच्या सभेत टेरिकॉटचा सफारी घालून स्वदेशीवर बोलण्यातला प्रकार.

आणि जमत नाही वगैरे सांगू नका. २०१६ ला लिब्रेप्लॅनेट या मुक्त सॉफ्टवेअर परिषदेत, अमेरिकेची हेरगिरी उघड करणारा एडवर्ड स्नोडेन रशियातून व्हिडिओवर बोलला, श्रोते एमआयटीत बसलेले, आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ते सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर करून दाखवलं. ज्या माणसाच्या मागे अमेरिकेचं अख्खं सरकार लागलंय त्याचं भाषण होऊ शकतं तर तुमच्या स्पीकरला पंधरा स्लाइड्स दाखवायला काय अडचण आहे?

अजून एक. इम्प्रेसचं प्रेझेंटर कन्सोल दुसऱ्या स्क्रीनवर नीट जात नाही, वेलँडवर (लिनक्सची नवी डिस्प्ले व्यवस्था) स्क्रीन शेअर अडकतो, या तक्रारी मी पण ऐकतो. पण या गोष्टी ज्यांना दुरुस्त करता येतात तेच लोक जर स्टेजवर अ‍ॅपलचं कीनोट वापरणार असतील तर बग सापडणार कोणाला आणि रिपोर्ट करणार कोण? आपली माणसं चारचौघांत वापरतात तेव्हाच सॉफ्टवेअर सुधारतं.

तेवीस_टॅब_उघडे

काका, खादीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून. १९२४ ला बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी स्वतः अध्यक्ष, तिथे ठरलं की सभासद व्हायचं तर महिन्याला २००० वार सूत द्यायचं. झालं काय तर सभासद गळायला लागले, पुढच्याच वर्षी ती अट सैल करून चार आण्यांचा पर्याय परत आणावा लागला. गांधीजींना जे जमलं नाही ते पुण्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये जमणार आहे का :)

आता सिरियसली. या अटीचा फटका कोणाला बसतो ते बघा ना. ज्याला दहा वर्षं झालीत, ज्याच्याकडे घरी दोन थिंकपॅड पडलेत, त्याला काहीच फरक पडत नाही. फटका बसतो पहिल्यांदा बोलणाऱ्याला. थर्ड इयरची मुलगी, घरात एकच लॅपटॉप, तो पण भावाबरोबर वाटून वापरतेय, त्यावर विंडोज आहे कारण भावाच्या कॉलेजच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. तिने एखाद्या प्रोजेक्टला मराठी भाषांतराचे पॅच पाठवलेत, तिला बोलायचंय, आणि आपण तिला दारातच सांगायचं की आधी डिस्क पुसून ये? मला तर ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबीवरून बूट करायला पण परवानगी नाही, बायोसला पासवर्ड आहे, आणि तरी माझं दिवसभराचं काम पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवरच आहे.

आणि ओपन सोर्स म्हणजे फक्त लिनक्स डेस्कटॉप हे कोणी ठरवलं? नकाशांचं क्यूजीआयएस, थ्रीडीचं ब्लेंडर, चित्रांचं क्रिता, व्हिडिओचं व्हीएलसी, ही सगळी ओपन सोर्सच, हे वापरणारे कितीतरी लोक विंडोजवर आहेत. पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थेतला एखादा माणूस क्यूजीआयएसवर गावाचे नकाशे कसे केले ते दाखवायला तयार आहे, त्याच्या मशीनवर विंडोज ११ आहे. मला त्याचं ऐकायचंय. लिनक्सवर लिनक्स कसं टाकलं हे मी खूप वेळा ऐकलंय.

कानाने_वाचतो

वर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. मला दिसत नाही, मी स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) काम करतो, एनव्हीडीए. हा प्रोग्राम पूर्ण मुक्त आहे, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात एका अंध प्रोग्रामरनेच सुरू केला, कारण विकतचे स्क्रीनरीडर सामान्य माणसाला परवडतच नाहीत. आपल्याकडे कितीतरी अंध विद्यार्थी त्याच्यामुळे कॉम्प्युटर शिकले. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक, म्हणजे आवाज देणारा प्रोग्राम, पण मुक्त आहे आणि त्याला मराठी वाचता येतं, आवाज डब्यातून आल्यासारखा आहे पण सवय होते.

आता गोम अशी की एनव्हीडीए फक्त विंडोजवर चालतं.

म्हणजे तुमच्या अटीप्रमाणे, ज्या मुक्त सॉफ्टवेअरने आमचं आयुष्य सगळ्यात जास्त बदललं त्याच्यावर मी तुमच्या मेळाव्यात बोलू शकत नाही. लिनक्सवर ऑर्का हा स्क्रीनरीडर आहे, मी वापरून बघितलंय, ज्यांनी बनवलंय त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण माझ्या हाताला एनव्हीडीएच्या कीज बसल्यात आणि स्टेजवर शंभर लोकांपुढे मी नवीन काही शिकत बसणार नाही. 'अपवाद म्हणून तुम्हाला परवानगी देऊ' असं कोणीतरी म्हणेल आता. अपवाद व्हायचा मला कंटाळा आलाय.

जुना_पेंग्विन

@कानाने_वाचतो तुमचा मुद्दा बिनशर्त मान्य, त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

@तेवीस_टॅब_उघडे बेळगावचं बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंस. सूत कातायची अट सैल झाली, खादी घालायची अपेक्षा त्यानंतरही होतीच. मी काही प्रत्येकाने स्वतःचा कर्नल कंपाइल करून यावं असं म्हणत नाहीये, अंगावर काय आहे तेवढं बघा म्हणतोय. पाणलोटवाल्या माणसाने विंडोजवर बोलावं, ठीक. पण जो माणूस पगार लिनक्सवर घेतो, प्रोफाइलमध्ये 'ओपन सोर्स इव्हँजेलिस्ट' लिहितो, आणि हौस म्हणून दीड लाखाचा मॅकबुक आणतो, त्याला कोणी काही विचारायचंच नाही?

कमिट_करून_झोपतो

मला वाटतं आपण चुकीच्या लॅपटॉपकडे बघतोय.

स्पीकर काय वापरतो हा त्याचा प्रश्न. जीपीएल मानणाऱ्यांची पहिली मोकळीक काय आहे, तर प्रोग्राम कुठल्याही कारणासाठी चालवायची. ती दुसऱ्याला देणारे आपण, आणि त्याच्या मशीनची झडती घेणारे पण आपणच? बरं झडती घ्यायचीच तर थांबणार कुठे? डेबियन हे लिनक्स बनवणाऱ्यांपेक्षा काटेकोर लोक शोधून सापडणार नाहीत, त्यांनी सुद्धा २०२२ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की वायफाय वगैरेचं बंद फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारा कोड) इन्स्टॉलरमध्येच द्यायचं, आणि २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते तसं येतं. नाहीतर नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करतानाच नेट चालत नव्हतं. म्हणजे तुमची अट शब्दशः लावली तर डेबियनचे डेव्हलपर पण गेटवर अडकतील, आत जातील ते फक्त जुन्या थिंकपॅडवर लिब्रेबूट हे मुक्त बायोस टाकलेले तीन लोक, आणि त्यातले दोघे आयोजक असतील.

माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे. कार्यक्रमाला येणाऱ्या माणसाला आपण काय वापरायला भाग पाडतो? स्पीकरच्या मॅकमुळे श्रोत्याला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. पण रजिस्ट्रेशन गूगल फॉर्मवर ठेवलं, चर्चा डिस्कॉर्डवर, ऑनलाइन बघायचं तर झूम, सर्टिफिकेट पाहिजे तर अजून कुठलं तरी अ‍ॅप, तर ज्याला हे नको आहे त्याला आपण बाहेर ठेवला. हे सगळं आयोजकांच्या हातात आहे, स्पीकरच्या नाही. आणि गंमत अशी की अटीसाठी सगळ्यात जास्त भांडणारे ग्रुप मी व्हॉट्सअ‍ॅपवरच बघितलेत, वर धागाकर्त्याने लिहिलंच आहे.

तुम्ही विचारलंत बाहेर काय करतात. ब्रसेल्सच्या फॉसडेम या फॉस परिषदेला हजारो लोक येतात आणि रजिस्ट्रेशनच नसतं, फुकट आहे, सरळ आत जायचं. फॉर्मच नाही तर कोणाचा फॉर्म हा वाद पण नाही. तिथे स्टेजवर मॅक भरपूर दिसतात, त्यावर दरवर्षी कोणी ना कोणी कुरकुरतं, पण रेकॉर्डिंगची सगळी व्यवस्था मुक्त सॉफ्टवेअरवर आहे, आणि स्पीकरने टॉक पाठवतानाच मान्य केलेलं असतं की व्हिडिओ क्रिएटिव्ह कॉमन्स (इतरांना वापरू-वाटू देणाऱ्या) लायसन्सखाली जाणार. २०२१ ला कोविडमुळे अख्खं फॉसडेम ऑनलाइन गेलं तेव्हा झूमचं खातं काढलं नाही, मॅट्रिक्स आणि जित्सी या मुक्त चॅट आणि व्हिडिओ साधनांवर केलं. डेबियनवाल्यांचं डेबकॉन्फ २०२३ ला कोचीला झालं, तिथे पण तोच नियम, स्वयंसेवकांची व्हिडिओ टीम, स्वतःची साधनं, आणि व्हिडिओ कोणालाही उतरवून घेता येतात.

एवढं म्हटल्यावर जुना_पेंग्विन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण ते म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त उदाहरण लॅपटॉपचं नको. २००२ ला लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) बिटकीपर हे कोडमधले बदल सांभाळणारं साधन घेतलं, ते बंद सॉफ्टवेअर होतं, फुकट वापरायला दिलेलं, अटींवर. तेव्हा ज्यांनी ओरड केली त्यांना लोकांनी कट्टर म्हणून बाजूला काढलं. २००५ ला अँड्र्यू ट्रिजेल या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या प्रोग्रामरने बिटकीपरचा प्रोटोकॉल (सर्व्हरशी बोलायची पद्धत) समजून घ्यायला सुरुवात केली, कंपनी भडकली, फुकटचं लायसन्स बंद झालं, आणि कर्नलचं काम रातोरात लोंबकळलं. एप्रिलमध्ये लिनसने गिट, म्हणजे त्याच कामाचं मुक्त साधन, लिहायला घेतलं ते त्यातूनच. त्याच महिन्यात कॅनबेराला लिनक्स कॉन्फरन्स होती, ट्रिजेलवर आरोप चाललेले की याने काहीतरी काळी जादू केली, तर त्याने स्टेजवरून बिटकीपरच्या सर्व्हरला सरळ टेलनेट केलं (नुसती मजकुराची साधी जोडणी), 'हेल्प' टाइप केलं आणि सर्व्हरने स्वतःच कमांड्सची यादी दिली. सभागृहातून लोक ओरडून सांगायला लागले पुढची कमांड कुठली द्यायची. त्या वेळी त्याच्या लॅपटॉपवर काय होतं हे कोणाला आठवत नाही, पडद्यावर काय दाखवलं ते सगळ्यांना आठवतं.

मुद्दा हा की बंद साधनाचा धोका कुठे असतो, तर जिथे सगळ्यांचं काम त्याच्यावर टांगलेलं असतं तिथे. एका माणसाच्या स्लाइड्स त्याच्यावर असल्या तर त्या माणसाचा तोटा, आपला नाही.

तेवीस_टॅब_उघडे

+१. आणि ट्रिजेलचा किस्सा माहिती नव्हता, भारी आहे.

जुना_पेंग्विन

श्रोत्याला काय वापरायला लावतो हे बघायचं, हे पटलं. पण स्टेजचं काहीच नाही हे नाही पटलं. श्रोता नुसता ऐकत नसतो, बघत असतो. तुम्ही सगळे इंजिनिअर आहात म्हणून तुम्हाला पडद्यावरचा मजकूर दिसतो, पहिल्यांदा आलेल्या पोराला वरचा मेनूबार आणि मागचं चमकणारं सफरचंद दिसतं. हल्लीच्या मॅकवर ते चमकत नाही म्हणा, तेवढीच काय ती प्रगती.

बीमरवाली

तत्त्वाचं तुमचं चालू द्या, मी कार्यक्रमांमध्ये स्टेजच्या बाजूला उभी राहून केबल बदलणारी बाई आहे, माझ्याकडून ऐका. या भांडणातलं बरंच काही पोडियमवर स्वतःचा एक लॅपटॉप ठेवला की मिटतं.

आयोजकांचा एक लॅपटॉप, डेबियन किंवा फेडोरा, जे तुमच्यातल्या कोणाला नीट येतं ते, आदल्या दिवशी हॉलच्या प्रोजेक्टरला लावून बघितलेला. स्पीकरला सांगायचं की स्लाइड्स पीडीएफमध्ये द्या, दोन दिवस आधी. बनवा कशातही. बहुतेक लोकांना हेच हवं असतं, कारण स्वतःचा लॅपटॉप जोडायचा म्हणजे एचडीएमआय का व्हीजीए, सी-टाइपचा डोंगल कोणाकडे आहे, रेझोल्यूशन का बसत नाही, यात पहिली पाच मिनिटं जातात आणि घाम फुटतो तो वेगळा. ज्याला लाइव्ह डेमो आहे किंवा स्क्रीनरीडरसारखं स्वतःचं मशीनच लागतं तो स्वतःचं आणेल, त्याला का ते कोणी विचारायचं नाही, म्हणजे अपवाद वगैरे भानगड राहत नाही. पडद्यावर दिवसभर लिनक्स दिसलं की पेंग्विनकाकांचं पण समाधान.

पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) मात्र घेऊ नका, विशेषतः मराठी स्लाइड्स असतील तर. पॉवरपॉइंटमधला विंडोजचा फॉन्ट आपल्या मशीनवर नसतो, मग इम्प्रेस दुसरा फॉन्ट लावतं, ओळी तुटतात, चौकटीबाहेर जातात. आणि कोणी जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर पाठवला तर तो युनिकोड नाहीच, फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती भुताटकी दिसते. आपल्याकडे बंद सॉफ्टवेअरचा खरा त्रास बघायचा असेल तर तिथे बघा, कितीतरी छापखान्यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर तसल्या फॉन्टमध्ये अडकलाय, बाहेर काढायचा तर कन्व्हर्टर लावून ओळ न ओळ तपासत बसावं लागतं. त्यावर एक टॉक ठेवा खरं तर, लॅपटॉपपेक्षा तो विषय महत्त्वाचा आहे.

इम्प्रेसमध्येच मराठी करणार असाल तर फॉन्ट मुक्त घ्या, मुक्ता आहे, नोटो आहे, लोहित आहे, आणि मजकुराची भाषा मराठी निवडा, हिंदी राहू देऊ नका. भाषा बरोबर लावली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात आपला ल आणि आपला श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो आणि मागच्या रांगेतले आजोबा लगेच बोट ठेवतात. लेटेक (कमांड लिहून मजकूर जुळवायची सिस्टिम) वाल्यांनी त्यातलं झीलेटेक वापरा, साध्या पीडीएफलेटेकवर देवनागरीच्या मागे लागून रात्र घालवू नका.

उबंटू_ते_डेबियन

सगळ्यांचे आभार, एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. काल बसून ओळ बदलली, आता अशी आहे: 'पोडियमवर आमचा लिनक्स लॅपटॉप असेल, स्लाइड्स पीडीएफमध्ये दोन दिवस आधी पाठवा. डेमोसाठी किंवा इतर गरजेसाठी स्वतःचा लॅपटॉप आणायला हरकत नाही. स्लाइड्स आणि रेकॉर्डिंग क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली प्रकाशित होतील.' गूगल फॉर्म काढला, ईमेलवर टॉक मागवतोय, थोडं हाताने काम वाढेल पण ठीक आहे. मी येतच नाही म्हणणारा अजून फुगलेला आहे, पण पोडियमच्या लॅपटॉपवर डेबियन हवं का फेडोरा यावर तो परत बोलायला लागलाय.

@कानाने_वाचतो एनव्हीडीएवर टॉक द्याल का? मेसेज करतो.

शेवटचं एकच, रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचं का पीअरट्यूब या मुक्त व्हिडिओ साइटवर? का यावर पण नवीन धागा काढू?

कानाने_वाचतो

देईन. ऑडिओ जॅक हॉलच्या स्पीकरला जोडता येईल एवढं बघा, नाहीतर एनव्हीडीए काय बोलतंय ते मला एकट्यालाच ऐकू येईल.

कमिट_करून_झोपतो

नवीन धागा नको, दोन्हीकडे टाका. शोधणारे यूट्यूबवरच शोधतात, आणि ज्यांना तिथे जायचं नाही त्यांना पीअरट्यूबची लिंक द्या, मूळ फाइल डाउनलोडला ठेवा. रेकॉर्डिंगला ओबीएस हा मुक्त प्रोग्राम पुरेल, एकच हॉल आहे, व्हॉक्टोमिक्सच्या (मोठ्या कॉन्फरन्समधलं व्हिडिओ मिक्सर) फंदात पहिल्याच वर्षी पडू नका. लाइव्ह करणार असाल तर मात्र कॉलेजच्या नेटवर आधी एकदा चालवून बघा, फायरवॉलमधून आरटीएमपी (लाइव्ह व्हिडिओ पाठवायची पद्धत) बाहेर जाईलच असं नाही, आणि रविवारी तिथला नेटवर्कवाला फोन उचलणार नाही.